माथ्यावरून दिसणारा मुलूख

नववीच्या वर्गात जर्मनी देशाचा पाठ चालू असता एका विद्यार्थ्याने प्रश्न केला की, तेथील लोक सपाट जमीन सोडून द्राक्षांचे मळे डोंगराच्या उतरणीवर का लावतात? प्रश्न मार्मिक होता. ऱ्हाईन, मोझेल, नेकर या नद्यांच्या काठचे मळे सुमारे ४९ ते ५० उत्तर अक्षांशांवर आहेत. तेथे ऐन उन्हाळ्यातही सूर्य डोक्यावर येत नाही. तो दक्षिणेकडे कललेलाच राहतो. म्हणून दक्षिणेस तोंड केलेल्या उतरणीवर त्याचे किरण अधिक सरळ पडतात. रात्री थंड हवा जड होऊन खालच्या खोऱ्यात उतरते व उतरणीवरील वेल हिमापासून पुष्कळसे वाचतात. नेकरच्या पश्चिमेस स्ट्रोमबर्ग-हॉयशेलबर्ग नावाचे एक निसर्ग-उद्यान राखलेले आहे. तेथे उतरणीवर द्राक्षमळे, माथ्यावर रान आणि त्या रानातून लोकांनी हिंडावे, मुलूख पाहावा म्हणून पायवाटा अशी रचना आहे. त्यातील सर्वांत उंच टेकडीही ५०० मीटरांहून कमीच आहे. आपली आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे, हे सांगताच वर्गात जो आनंद झाला तो येथे वर्णन करीत नाही.

त्याच आठवड्यात आम्ही मसुऱ्याच्या भरतगडावर गेलो. या टेकडीवर वाडीकर सावंतांनी किल्ला बांधला, आणि खाडीच्या पलीकडे बावड्याच्या पंत अमात्यांचा भगवंतगड उभा राहिला. दोन्ही गड एकमेकांवर डोळा ठेवून बसले होते, हे माथ्यावर उभे राहिल्याशिवाय ध्यानात येत नाही. पुस्तकात ती केवळ दोन नावे असतात. वर गेल्यावर मधली गड नदी दिसते, तिच्यातून वर जाणारी होडी कोणाच्या नजरेतून सुटणार नाही हे दिसते आणि भांडण कशासाठी होते ते न सांगता कळते. आज भरतगडाच्या तटाच्या आत आंब्यांची बाग आहे. जर्मन टेकडीवर जी द्राक्षाची वेल तीच आमच्या टेकडीवर हापूसची कलमे, असे म्हणण्यास हरकत नाही. कारण मात्र वेगळे. मालवण सुमारे १६ अक्षांशावर असल्यामुळे मे महिन्याच्या आरंभी भर दुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. (पुन्हा एकदा ती ऑगस्टात नाहीशी होते, परंतु तेव्हा ढगांमुळे आपणांस ते क्वचितच दिसते.) सूर्याची कमतरता आम्हांस नाही. आम्हांस उतरण हवी ती पाण्याचा निचरा व्हावा म्हणून. मुळाशी पाणी तुंबले तर आंब्याचे झाड सुखी राहत नाही.

माथ्यावरून किती लांबचे दिसते, हा हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावा. पृथ्वी गोल असल्यामुळे दृष्टीस मर्यादा पडते. डोळ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरांत घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे व त्यास ३.५७ ने गुणावे. जे येईल तितक्या किलोमीटरांवर क्षितिज. वाळूत उभ्या असलेल्या मुलाचा डोळा दीड मीटर उंच धरला तर त्याचे क्षितिज अवघ्या ४.४ किलोमीटरांवर येते. १०० मीटर उंच टेकडीवर तोच मुलगा जवळजवळ ३६ किलोमीटरांपर्यंत पाहतो आणि आंबोलीच्या महादेवगडावरून ९० किलोमीटरांहूनही पलीकडे. वेंगुर्ल्याचा किनारा तेथून सरळ रेषेत सुमारे ४० किलोमीटर. म्हणून हिवाळ्यातील स्वच्छ सकाळी किंवा सायंकाळी समुद्राची चकाकती रेघ तेथून दिसावी यात नवल नाही. उंची चौपट केली तर दृष्टी चौपट होत नाही, दुप्पटच होते, हेही या हिशेबात आपोआप शिकता येते. गणिताच्या शिक्षकांनी याबद्दल माझे आभार मानले नाहीत, ही गोष्ट निराळी.

आंबोलीस जावयाचे ते एवढ्यासाठी नव्हे. अरबी समुद्रावरून आलेला ओला वारा सह्याद्रीस अडतो, वर चढतो, थंड होतो व आपले पाणी तेथे टाकतो. वर्षाला सरासरी ७००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस तेथे पडतो. आपल्या किनाऱ्यावरील पावसाच्या दुपटीहून हा अधिक होय. त्या पावसाची वाटणी माथ्यावरच होते. पश्चिमेस पडलेला थेंब दरीत उतरून थोड्याच काळात आपल्या समुद्रास मिळतो. पूर्वेस पडलेला थेंब हिरण्यकेशीत शिरतो, घटप्रभेत जातो, कृष्णेत जातो आणि सारे दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरास पोहोचतो. दोन थेंबांमध्ये पडताना कदाचित हातभरच अंतर असेल. या हिरण्यकेशीच्या उगमाशी एका लहानशा माशाची नवी जात सापडली व २०२० साली तिला नदीचेच नाव मिळाले. २०२१ साली ते स्थळ जैवविविधता वारसा म्हणून राखले गेले.

येथे एक कबुली देणे मला प्राप्त आहे. मी नवीन शिक्षक असताना अकरा मुलांस घेऊन ऑगस्टात आंबोलीच्या एका कड्यावर गेलो. धुके उतरले. वाट माझ्या परिचयाची आहे, या अभिमानाने मी पुढे चालत राहिलो. इतक्यात मागच्या मुलाच्या पायाखालून एक दगड घरंगळला. तो पडल्याचा आवाज आम्ही ऐकला नाही. मी सर्वांस जागच्या जागी बसविले आणि ओल्या गवतात दोन तास आम्ही बसून राहिलो. धुके विरळ झाले तेव्हा पुढच्या मुलापासून कडा दहा हातांवर होता. त्यानंतर नोव्हेंबरपूर्वी मी कोणत्याही मुलास कड्याच्या वाटेने नेलेले नाही. आणि ज्या पालकांनी त्या वेळी मला एकही कठोर शब्द ऐकविला नाही, त्यांच्यासमोर मला आजही मान वर करवत नाही.

कड्यांची भीती वाटणाऱ्यांनी सडे पाहावेत. डोंगराच्या माथ्यावर जांभ्या दगडाचे जे विस्तीर्ण सपाट कातळ पसरलेले असतात, त्यांस आपण सडा म्हणतो. हजारो पावसाळ्यांनी मूळ खडकातील विरघळणारे द्रव्य वाहून नेले व लोह आणि ॲल्युमिनियम मागे ठेविले, त्याचा हा जांभा. ताजा असता तो कापता येतो व हवेने घट्ट होतो, म्हणून आपल्या घरांचे चिरे त्याचे. १८०७ साली बुकॅनन या स्कॉटिश संशोधकाने त्यास लॅटिन भाषेतील विटेच्या शब्दावरून नाव दिले. मालवण तालुक्यातच कुडोपी येथील सड्यावर कातळात कोरलेल्या प्राचीन आकृती आहेत; गावकरी त्यास बाहुल्यांचा सडा म्हणतात. कोकणातील अशा कातळशिल्पांचे नाव २०२२ साली जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आले. उन्हाळ्यात उजाड दिसणारा हाच सडा श्रावण-भाद्रपदात फुलांनी भरून जातो. त्यास पडीक जमीन म्हणणारा मनुष्य तेथे मे महिन्यातच गेलेला असतो.

माथ्यावर जाताना वही, पेन्सिल व होकायंत्र न्यावे. प्रथम काही न लिहिता थोडा वेळ नुसते पाहावे. मग उत्तरेपासून आरंभ करून डोंगरांची वरची रेघ वहीत काढावी व प्रत्येक माथ्याखाली त्याचे नाव लिहावे. नाव ठाऊक नसल्यास गुराख्यास विचारावे. नकाशात नसलेली नावे त्याच्यापाशी असतात. मोशेने नबो पर्वतावरून जो देश पाहिला, त्यात त्यास पाऊल ठेवावयास मिळाले नाही. आपण जे वरून पाहतो त्यात सायंकाळी घरी परतावयाचे असते, म्हणून आपण ते अधिक बारकाईने पाहावे.

क्षितिजाचा हिशेब मी फळ्यावर मांडला तेव्हा मासेमारी करणाऱ्या घरातील एक मुलगा उठून म्हणाला, "सर, आमका दर्यातसून पयलो डोंगरच दिसता." तो बरोबर होता. होडीत उभ्या माणसाचा डोळा पाण्यापासून दोन मीटर उंच धरला तर त्याचे क्षितिज ५ किलोमीटरांवर; परंतु १०० मीटर उंच माथा त्यास जवळजवळ ४१ किलोमीटरांवरून दिसू लागतो. किनारा, माड, घरे सारे पाण्याखाली बुडालेले असता डोंगर तेवढा वर असतो. त्याचे आजोबा दोन माथे एका रेषेत आणून जाळे टाकण्याची जागा ओळखीत. त्या मुलाने ती रेघ मला वहीत काढून दिली: एक लांबट सडा, त्याच्या उजव्या खांद्यामागे दूरचा निळा माथा.

ते पान मी जपून ठेविले आहे. गेल्या हिवाळ्यात ते घेऊन आम्ही किनाऱ्यावर उभे राहिलो व रेघेशी रेघ ताडून पाहिली. निळा माथा जागेवर होता. सड्याचा उजवा खांदा चिऱ्यांसाठी कापला गेला आहे, तेथे आता सरळ लाल भिंत दिसते. मुलाने पेन्सिल घेतली, जुनी रेघ न पुसता तिच्या खाली नवी काढली आणि दोहोंपुढे साल लिहिले.