चार कुत्री, सहा नाती

एक कुत्रं पाळणं आणि चार पाळणं यांत फरक फक्त भाकरीच्या पिठाचा, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. साताऱ्यातल्या आमच्या बैठ्या घरात सध्या चौघं आहेत: म्हातारा गावठी मोत्या, कारवान जातीची राणी, रस्त्यावरून आलेला भुऱ्या आणि थोडं पामेरियनचं रक्त असलेली चिंगी.

१. कुत्री मोजू नका, जोड्या मोजा. दोघांत एक नातं. तिघं झाली की तीन, चौघं झाली की सहा, आणि पाचवं आणलं तर थेट दहा. आमच्याकडे मोत्या आणि राणीचं गूळपीठ आहे. राणी भुऱ्याला नुसती सोसते. भुऱ्या आणि चिंगीचं छान जमतं, पण मोत्या त्या खोलीत नसेल तोवरच. त्यामुळे नवं पिल्लू किंवा मोठं कुत्रं आणताना ते माणसाळलेलं आहे एवढ्यावर भागत नाही. घरातल्या प्रत्येकाशी त्याची वेगळी ओळख करून द्यावी लागते, तीही घराबाहेर, मोकळ्या जागेत. उंबऱ्यातच चौघांसमोर उभं केलं तर आलेलं बिचकतं आणि घरची मंडळी मालकी सांगायला लागतात.

२. गुरगुरणाऱ्याला दटावू नका. माझ्या सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही. पण गुरगुर ही आधी दिलेली सूचना असते. दरवेळी ओरडून ती बंद पाडली तर मनातली चीड किंवा भीती तशीच राहते, सूचना तेवढी नाहीशी होते, आणि पुढच्या वेळी कुत्रं न सांगता चावतं. त्यापेक्षा कुणावर आणि कशावरून गुरगुरतंय ते बघावं. दरवेळी खाण्यावरूनच असतं असंही नाही. पंख्याखालची फरशी, सोप्यातली एक विशिष्ट खुर्ची, माझ्या पायाशी बसायची जागा यांवरून आमच्याकडे जास्त धुसफुस होते. सगळ्यांत वाईट वेळ बेल वाजल्यावरची: चौघं एकदम दाराकडे धावतात आणि बाहेरच्यावरचा जोश शेजारच्यावर निघतो. आम्ही बेलच काढून टाकली. येणारा फाटकातून फोन करतो.

३. जुंपलीच, तर हात मध्ये घालायचा नाही. पट्टा धरायला गेलेला हातच आधी फाटतो, कारण त्या क्षणी कुत्र्याला मालक दिसत नसतो. आरडाओरड्याने तर ते आणखी चेकाळतात. मध्ये पाट किंवा खुर्ची सरकवावी, जाड चादर टाकावी, बादलीभर पाणी ओतावं. घरात दोन माणसं असतील तर एकेकाने एकेकाचे मागचे पाय धरून मागे ओढावं. नंतर अंग चाचपून बघायचंच: सुळ्याची जखम वरून टाचणीच्या टोकाएवढी दिसते, आत कातडी सुटलेली असते आणि दोन-तीन दिवसांनी पू धरतो. माणसाला दात लागला तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं आणि दवाखाना गाठायचा, कुत्रं घरचं आणि लस टोचलेलं असलं तरी.

४. जेवण वेगवेगळ्या कोपऱ्यांत, एकाच वेळी, आणि दहा मिनिटांत ताटल्या उचलायच्या. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

५. गोचिडांवर मात्र आहे. एका कुत्र्याला गोचीड झाले, असं नसतंच. ते घराला झालेले असतात. पिल्लूदशा, मधली अवस्था आणि पूर्ण वाढ अशा तिन्ही टप्प्यांवर गोचीड रक्त पितो, पोट भरलं की गळून पडतो आणि कुत्र्याच्या अंगाबाहेरच पुढच्या टप्प्यात जातो. पोट भरलेली मादी खाली उतरून चौकटीच्या फटीत, भिंतीच्या भेगेत, पडद्याच्या शिवणीत हजारो अंडी घालते. म्हणून एकट्या भुऱ्याला औषध लावून काही होत नाही. चौघांनाही एकाच दिवशी, प्रत्येकाला वजनाप्रमाणे, आणि त्याच आठवड्यात अंथरुणं उकळत्या पाण्यात, फटी बुजवून, भिंतीच्या कडांना फवारणी. घरात मांजर असेल तर डॉक्टरांना आधी सांगा; परमेथ्रिन असलेलं कुत्र्यांचं औषध मांजराच्या जिवावर बेतू शकतं. एवढा खटाटोप खाजेसाठी नाही. गोचिडाच्या तापात रक्तातल्या प्लेटलेट्स उतरतात, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. सुरुवातीला मात्र कुत्रं फक्त मलूल दिसतं, आणि चौघांच्या गडबडीत एकाचं गप्प बसणं सहज नजरेतून सुटतं. रोज संध्याकाळी प्रत्येकाच्या कानात आणि बोटांच्या बेचक्यात बघायची सवय त्यासाठीच.

६. औषधांची वही ठेवा. रेबीजची लस, जंतांचं औषध, पावसाळ्याआधी लेप्टोची लस. चौघांच्या तारखा डोक्यात राहत नाहीत. राणीच्या पानावर वर लाल शाईने लिहिलंय: भूल देताना जात सांगणे. कारवानसारख्या सडपातळ शिकारी कुत्र्यांच्या अंगात चरबी कमी, त्यामुळे भुलीची काही औषधं त्यांच्यात जास्त वेळ रेंगाळतात. आणि माणसांच्या डब्यातली आयबुप्रोफेनची गोळी कुणालाच नाही, अर्धीसुद्धा नाही.

७. चौघांना एकत्र फिरवायला नेणं दिसायला रुबाबदार आणि करायला मूर्खपणाचं. एकेकटी असताना गल्लीतल्या कुत्र्यांकडे ढुंकूनही न बघणारी मंडळी चौघं जमली की टोळी होतात. दोन-दोनच्या पाळ्या बऱ्या. आठवड्यातून एकदा मोत्याला एकट्याला नेते. म्हातारा प्रत्येक खांब सावकाश हुंगतो, मागून कुणी ढकलत नसतं.

८. नसबंदी टाळू नका. मादी साधारण सहा-सहा महिन्यांनी माजावर येते आणि ते तीनेक आठवडे चालतं. तेवढे दिवस घरातल्या नरांना आवरायचं, फाटकाबाहेरच्यांना हाकलायचं, रात्री झोपायचं नाही. शिवाय शस्त्रक्रिया न झालेल्या, वयाने वाढलेल्या मादीला माजानंतरच्या आठवड्यांत गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो. ती अचानक फार पाणी प्यायला लागली तर उद्यावर ढकलू नये.

९. शेजाऱ्यांशी कायद्याच्या भाषेत बोलू नका. गृहनिर्माण सोसायटीला बहुमतानेही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, असं पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. हे माहीत असावं, पण पहिल्या भेटीत काढू नये. आमच्या शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, "अगं, पहाटे दूधवाला आला की तुझी पलटण सगळी आळी उठवते." मी दूधवाल्या दादांना कोपऱ्यावरच गाठायला लागले. चार पावलं जास्त पडतात, पण काकूंची झोप होते.

१०. लग्नकार्याला जोडीने जाणं विसरा. चार कुत्री सांभाळायला कुणी मिळत नाही. एक सांभाळणारे पुष्कळ. हे साखरपुड्याला जातात, मी लग्नाला, किंवा उलट. नागपूरच्या नातेवाइकांत आमचं पटत नाही अशी कुजबुज आहे. ती मी खोडून काढत नाही, कारण खरं कारण सांगितलं तर ते कुत्र्यांसकट या म्हणतील.