चांगल्या घरचा दिसतो

रिक्षा सिग्नलला थांबलेली असते. डोक्यावर घमेलं घेतलेली एक बाई समोरून रस्ता ओलांडत असते आणि आपलं चार-पाच वर्षांचं लेकरू खणखणीत आवाजात विचारतं, "आई, त्या गरीब आहेत का गं?"

आपण काय करतो? त्याचा हात दाबतो, "श्श, असं बोलायचं नसतं" म्हणतो आणि विषय बदलतो. बहुतेक घरांत असंच होतं. ऑफिसला उशीर झालेला असतो, डबा भरला की ओट्यावरच राहिला हे आठवत नसतं. त्या घाईत उत्तर सुचणार कुठून? मुलाचा प्रश्न मात्र तसाच राहतो. शिवाय आई दचकली हे त्याने पाहिलेलं असतं. म्हणजे गरीब असणं ही काहीतरी लाजेची गोष्ट असावी, एवढं ते त्या दोन मिनिटांत समजून घेतं.

मला स्वतःला मूल असं विचारतं तेव्हा काळजी वाटत नाही. ते विचारायचं थांबतं, तेव्हा वाटते. सात-आठ वर्षांची झाली की मुलं आपापलंच ठरवून मोकळी होतात. वर्गात नवीन मुलगा आला की त्याचे बूट, केसांना चापून लावलेलं तेल, डब्यातली चपाती-चटणी एवढ्यावर त्याची जागा ठरते. आणि ही ठरवाठरवी आपल्या कानावर येतसुद्धा नाही.

हे त्यांना कोणी शिकवलेलं नसतं, पण आपल्याकडे बघत ती शिकत असतात. दारात पार्सल घेऊन आलेल्या मुलाला आपण पहिल्या वाक्यापासून "अरे, इथे ठेव" म्हणतो. त्याच्याच वयाचा इस्त्रीच्या शर्टातला विमा एजंट आला की "या ना, बसा, पाणी घेता का?" दोघंही पहिल्यांदाच भेटलेले. सोफ्यावर बसून गृहपाठ करणारं मूल मान वर करत नाही, पण ऐकत असतं. मग रात्री जेवताना भाड्याने घर मागायला आलेल्या कुणाचा विषय निघतो आणि आपण सहज म्हणून जातो, "चांगल्या घरचा दिसतो." त्याचं घर तर आपण पाहिलेलंही नसतं.

दक्षिण आफ्रिकेत मुलांबरोबर झालेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना वेगवेगळ्या वर्णांच्या माणसांचे फोटो आणि भारी-साध्या वस्तूंची चित्रं दाखवून कुणाचं काय असेल ते विचारलं, तर भारी वस्तू जास्त वेळा गोऱ्या माणसांच्या वाट्याला गेल्या. समाजाबद्दल त्या मुलांचं निरीक्षण चुकलं असं म्हणता येत नाही. त्यांच्या देशात पैसा कुणाकडे आहे ते रोज त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. पण त्यावरून समोरच्या एका माणसाबद्दल काही ठरवलं, की तिथे अन्याय सुरू होतो. आपल्याकडेही हीच गुंतागुंत आहे. "दिसण्यावरून काहीच कळत नाही" असं मुलाला सांगून भागत नाही, कारण थोडंफार कळतं हे त्याला दिसत असतं.

किती कळतं, हेही टोरोंटो विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी तपासलंय, २०१७ मध्ये. काही तरुण जास्त उत्पन्नाच्या घरांतले होते, काही कमी उत्पन्नाच्या. त्यांचे चेहऱ्यावर कुठलाच भाव नसलेले फोटो लोकांना दाखवले आणि यातलं श्रीमंत कोण, गरीब कोण ते ओळखायला सांगितलं. शंभरातले साधारण त्रेपन्न अंदाज बरोबर आले. डोळे मिटून नाणं उडवलं असतं तर पन्नास आले असते. म्हणजे चेहऱ्यातून कळलं ते एवढंच. आणि तेच तरुण फोटोत हसत असतील तर तेवढंही कळेना. लोक बहुधा चेहऱ्यावरचं समाधान वाचत होते आणि ज्याच्या मागे कमी काळज्या, त्याचा चेहरा शांत असतानाही जरा निवांत दिसत होता.

पुढचा भाग वाचून मला जास्त वाईट वाटलं. यांतल्या कुणाला नोकरी मिळेल असं विचारल्यावर लोकांनी श्रीमंत घरातल्या चेहऱ्यांकडे जास्त बोट दाखवलं. म्हणजे घरची ओढाताण आधी चेहऱ्यावर उतरते आणि मग त्या चेहऱ्यामुळेच काम हुकू शकतं.

चेहऱ्यावरून अशी चुकीची पारख आपल्या आसपासही होते. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लहानपणी, पक्के दात तयार होत असतानाच ते पाणी पोटात गेलं की दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात. ते ब्रशने निघत नाहीत. तिथलं मूल आई-बाबांबरोबर शहरात येतं, शाळेत जातं आणि वर्गात कुणीतरी म्हणतं, "ई, हा दात घासत नाही." आपल्या मुलाने घरी येऊन असं सांगितलं तर पाण्याची ही गोष्ट त्याला जरूर सांगा. पहिलीतल्या मुलालाही ती कळते. दुसऱ्या दिवशी तो बाकावर जरा जवळ सरकून बसेल, असं मला मनापासून वाटतं.

रंगाचंही तसंच. "उन्हात खेळू नकोस, काळी पडशील" हे वाक्य आपल्या कित्येकींच्या आईने म्हटलंय आणि घाईत आपल्याही तोंडून निघून जातं. त्यात माया असते, मुलीला उद्या कुणी नाकारू नये ही भीती असते. पण मुलीला ऐकू येतं ते वेगळंच. जे उन्हात काम करतात ते रापतात आणि तसं दिसणं वाईट, असं ती ऐकते. आणि सावळा रंग तर तिच्या आजीचाही असतो! उन्हात टोपी घाल, पाणी पी, एवढं सांगितलं तरी पुरतं.

जुलै २०२४ मध्ये बंगळूरच्या एका मॉलमध्ये एका शेतकऱ्याला दारातच अडवलं, कारण त्याने धोतर नेसलं होतं. मुलगा मोठ्या हौसेने त्याला सिनेमा दाखवायला घेऊन आला होता. पुढे गदारोळ झाला, सरकारने तो मॉल सात दिवस बंद ठेवायला लावला. मला मात्र त्या मुलाला काय वाटलं असेल हेच सारखं मनात येतं. वडिलांना बाहेर घेऊन जायची हौस आपल्यालाही असते. आणि आपल्या गावाकडच्या आजोबांना शाळेच्या गॅदरिंगला न्यायचं म्हटलं, की धोतराऐवजी पॅन्ट घाला ना, असं आपणही हळूच सुचवतोच की. नातवंडांना ते ऐकू जातं.

कपड्यांची ही पकड फार घट्ट असते. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या एका अभ्यासात चेहरा तोच ठेवून कपडे तेवढे बदलले. थोडे भारी वाटणारे कपडे असले की लोकांना माणूस जास्त कर्तबगार वाटायचा. फोटो डोळ्यांसमोर सेकंदाच्या आठव्या भागाएवढाच असला तरी असं व्हायचं. कपड्यांकडे लक्ष देऊ नका असं आधी बजावून ठेवलं, तरी फरक पडला नाही. त्यामुळे मनात पहिला विचार चुकीचा आला म्हणून स्वतःला किंवा मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. तो येणारच. त्याच्यानंतर आपण तोंडाने काय बोलतो, कुणाला बसायला खुर्ची देतो, एवढं आपल्या हातात आहे.

म्हणून मुलांना साधेच कपडे घाला असं मी म्हणणार नाही. नीटनेटके कपडे ही काही घरांत चैन नसते, ढाल असते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या बायकांना हेच सांगितलं होतं. तुमची जात दुरून ओळखू यावी अशी लुगडं नेसायची पद्धत सोडा, ते जडशीळ दागिने सोडा, स्वच्छ राहा. दिसण्यावरून माणसाला ओळखून दूर ठेवायची रीत आपल्याकडे किती जुनी आहे आणि ती मोडायला किती धीर लागला, हे त्यावरून कळतं. ज्या आईला लेकराचा गणवेश रोज रात्री धुऊन, पंख्याखाली वाळवून, इस्त्री करून घालावा लागतो, ती दिखावा करत नसते. आपल्या पोराला कुणी बोलू नये म्हणून ती धडपडत असते.

शाळांमध्ये हा प्रश्न फार जवळून दिसतो. शिक्षण हक्क (आरटीई) कायद्याने खासगी शाळांच्या पहिल्या वर्गातल्या पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवल्या आहेत. आपल्याकडे सोडतीत नंबर लागला की ते मूल आठवीपर्यंत फी न भरता तिथे शिकतं. गेटबाहेर उभ्या असलेल्या आपल्यासारख्या पालकांत मग कुजबुज होते, "आरटीईची मुलं आलीत, आता वर्गाचं काय होणार?" ही काळजी खोटी नसते. पोटाला चिमटा काढून आपण फी भरलेली असते. तरीही एक गोष्ट सांगावीशी वाटते.

दिल्लीत २००७ पासून खासगी शाळांना गरीब मुलांसाठी जागा ठेवाव्या लागल्या. त्याचा श्रीमंत घरच्या मुलांवर काय परिणाम झाला, हे गौतम राव या अर्थशास्त्रज्ञाने पाहिलं. काही शाळांत मुलांचे अभ्यासगट नावाच्या आद्याक्षराप्रमाणे पडत होते. त्यामुळे कुणाच्या शेजारी कोण येणार हे कुणी ठरवत नव्हतं. त्याने मुलांना रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडायला सांगितले. एकीकडे जोरात पळणारा पण गरीब मुलगा, दुसरीकडे हळू पळणारा पण आपल्यासारखा. ज्यांच्या वर्गात गरीब मुलं होती, त्यांनी पळणं बघून निवड जास्त केली. ती मुलं दुसऱ्यासाठी हात सैल सोडायलाही शिकली. अभ्यासावरचा परिणाम एकूणात किरकोळ होता. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की भाषणं देऊन हे झालं नाही. एकाच बाकावर बसून, एकत्र प्रोजेक्ट करून झालं.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. मुलाच्या सुरक्षिततेची भीती आपल्याला झोपू देत नाही. त्या भीतीपोटी आपण त्याच्या मनात एक चित्र काढून ठेवतो. मळके कपडे, वाढलेली दाढी, लाल डोळे. अशा माणसापासून लांब राहा. पण मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याखालच्या बलात्काराच्या गुन्ह्यांत दहापैकी नऊहून अधिक वेळा आरोपी मुलाच्या ओळखीचा निघतो, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षं दिसतंय. तो छान इस्त्रीचा शर्ट घालून, हातात चॉकलेट घेऊन घरात आलेला असू शकतो. आपण काढून ठेवलेल्या चित्रात तो बसत नाही, म्हणून मूल गोंधळतं, गप्प राहतं.

त्यापेक्षा मुलाला कपड्यांऐवजी वागणं बघायला शिकवूया. आईला सांगू नकोस म्हणणारा, न विचारता अंगाला हात लावणारा, एकटं कुठे नेऊ बघणारा, मग तो कुणीही असो, काका असो नाहीतर सर असोत, तिथून निघायचं आणि लगेच घरी सांगायचं. आणि सिग्नलवर गजरे विकणाऱ्या मुलीशी दोन शब्द बोललं तर काही होत नाही, हेही सांगूया.

कधी बोलणं आपल्याच लेकराच्या वाट्याला येतं. साध्या शाळेतून मोठ्या शाळेत गेलेलं मूल महिन्याभरात विचारतं, "आपण गरीब आहोत का? सगळे तसं म्हणतात." ऐकून आपल्या पोटात कालवतं. आपण पटकन म्हणतो, "छे, आपण कुठे गरीब?" आणि पगार झाल्याझाल्या ते ब्रँडेड बूट घेऊन येतो. पण या उत्तरात आपणही मान्य केलेलं असतं, की गरीब असतो तर लाजायला हवं होतं. त्यापेक्षा आधी त्याला जवळ घ्यावं. कोण म्हणालं, कधी म्हणालं, तुला काय वाटलं ते ऐकून घ्यावं. आणि खरं असेल ते सांगावं. "ते बूट आत्ता नाही घेता येणार रे. दिवाळीला बघू." मुलांना आपण समजतो त्याहून जास्त पेलवतं. त्यांना नाही पेलवत ती आपली कुचंबणा. चिडवणं थांबत नसेल तर वर्गशिक्षिकेला भेटावं, मात्र मुलाला विचारून.

आणि चिडवणारं मूल आपलं निघालं तर? रागावण्याआधी त्या दुसऱ्या मुलाचं नाव विचारून घ्या. गेटवर त्याच्या आईशी बोला, तुम्ही-आम्ही करून. वाढदिवसाला त्याला बोलवा आणि गिफ्ट आणू नका असं सगळ्यांनाच सांगून टाका, म्हणजे त्याच्या घरी ओढाताण होणार नाही. मग एखाद्या रविवारी आपल्या मुलालाही त्याच्या घरी खेळायला पाठवा. नेहमी त्यांनीच आपल्याकडे का यायचं? घर एका खोलीचं असेल, मोरी दाराशीच असेल. मुलाने तसं घर कधी पाहिलेलं नसेल तर आधी दोन शब्द सांगून ठेवा. पण निघताना "तिथलं काही खाऊ नकोस" असं त्याच्या कानात सांगू नका. त्यांनी पोहे दिले तर खाऊ दे.