कौन्सिलचा सल्ला ‘हो’, निर्णय ‘नाही’

प्रश्न : माझा मुलगा इंग्लंडमध्ये राहतो. घराच्या मागच्या बाजूला एक मोठी खोली वाढवायची म्हणून त्याने तिथल्या कौन्सिलकडे फी भरून आधी सल्ला घेतला. ‘असं बांधकाम इथे मान्य होण्यासारखं आहे’ असं लेखी उत्तर आलं. त्या भरवशावर आर्किटेक्टकडून पूर्ण नकाशे करून घेतले, रीतसर अर्ज केला, आणि त्याच कौन्सिलने तो फेटाळला. हे कसं चालतं? चुकीचा सल्ला दिला म्हणून तक्रार केली, तर परवानगी मिळेल का? — एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न गुंतले आहेत. आपणच दिलेल्या सल्ल्याविरुद्ध कौन्सिल निर्णय देऊ शकते का, हा पहिला. तसं झालं तर दाद कुठे मागायची, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘हो, देऊ शकते’ असं आहे. ऐकताना हे अन्यायाचं वाटतं, पण त्यामागे कारण आहे.

अर्जापूर्वीचा सल्ला म्हणजे एका प्लॅनिंग अधिकाऱ्याचं मत. त्याच्यासमोर बहुधा कच्चे नकाशे असतात. जागा त्याने कधी पाहिलेली असते, कधी नसते. शेजाऱ्यांना तर या सल्ल्याची खबरही नसते. रीतसर अर्ज आला की तो जाहीर करावा लागतो, लोकांना म्हणणं मांडायला साधारण २१ दिवस द्यावे लागतात आणि आलेल्या हरकतींचा विचार करावा लागतो. आधीचं पत्र बंधनकारक मानलं, तर ‘माझ्या स्वयंपाकघराचा उजेड जाईल’ असं सांगणाऱ्या शेजारणीचं म्हणणं ऐकण्याआधीच निकाल लागलेला असेल. ईस्ट ससेक्स कौंटी कौन्सिलविरुद्धच्या ‘रिप्रोटेक’ खटल्यात २००२ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने हेच स्पष्ट केलं. प्लॅनिंगचा निर्णय हा दोन पक्षांतला खासगी व्यवहार नाही, त्यात सगळ्या जनतेचं हित असतं. त्यामुळे अधिकाऱ्याने अनौपचारिकपणे दिलेल्या शब्दाने कौन्सिल बांधली जात नाही.

म्हणून ते पत्र निरुपयोगी ठरतं, असं मात्र नाही. पुढे अपिलात ते पुरावा म्हणून जोडता येतं, आणि कौन्सिलने मत का बदललं हा प्रश्न तिथे विचारता येतो.

आता दुसरा प्रश्न. इथे बहुतेकांची गल्लत होते ती तक्रार आणि अपील एकच समजण्यात. निर्णय बदलून हवा असेल तर रस्ता अपिलाचा. ते कौन्सिलकडे नव्हे, ‘प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेट’ या सरकारी यंत्रणेकडे करायचं असतं. तिथे एक इन्स्पेक्टर सगळं प्रकरण नव्याने तपासतो. अपिलाला फी नाही. मात्र राहत्या घरातल्या अशा बांधकामासाठी मुदत नकाराच्या तारखेपासून १२ आठवड्यांचीच आहे, आणि कौन्सिलकडे तक्रार केली म्हणून ती थांबत नाही. कौन्सिलच्या उत्तराची वाट पाहत अनेकांच्या हातून अपील निसटतं. मुलाला आजच फोन करून नकारपत्रावरची तारीख बघायला सांगा.

तक्रारीचा विषय वेगळा: सल्ला देण्याचं काम नीट झालं का? घर संरक्षित परिसरात आहे हे नकाशावर दिसत असूनही अधिकाऱ्याने पाहिलं नाही, त्या घराच्या जुन्या परवानगीतली अट तपासली नाही, फी घेऊन उत्तर द्यायला अवाजवी उशीर केला, किंवा बैठकीत काय बोलणं झालं याची नोंदच ठेवली नाही, तर ती कामातली चूक. उलट शेजाऱ्यांच्या हरकतीतून नवा मुद्दा पुढे आला, मधल्या काळात धोरण बदललं, किंवा अर्जातला नकाशा सल्ल्याच्या वेळच्या नकाशापेक्षा मोठा निघाला, तर सल्ला चुकला असं म्हणता येत नाही. तेव्हा तक्रार लिहिण्याआधी दोन्ही नकाशे शेजारी-शेजारी ठेवून मुलाने पाहावेत.

तक्रार आधी कौन्सिलकडेच करावी लागते. तिथे समाधान झालं नाही तर ‘लोकल गव्हर्न्मेंट अँड सोशल केअर ओम्बड्समन’कडे जाता येतं, सर्वसाधारणपणे बाब कळल्यापासून १२ महिन्यांच्या आत. १९७४ च्या कायद्याने उभी राहिलेली ही संस्था आपल्या लोकायुक्तांसारखी आहे. फी घेत नाही, पण परवानगीही देत नाही, आणि अपिलाने सुटणाऱ्या प्रश्नात सहसा पडत नाही. चूक झाली आणि तिच्यामुळे नुकसान झालं, असं दिसलं तर माफी, सल्ल्याची फी परत, वाया गेलेल्या खर्चापोटी काही रक्कम, अशी शिफारस ती करते. माझं स्वतःचं मत असं, की पैसे घेऊन दिलेला सल्ला निष्काळजीपणाचा निघाला तर ती फी कौन्सिलने न मागता परत करावी. नाही तर सामान्य माणसाने सल्ला तरी कशाला घ्यावा?

नकाशात बदल करून नवा अर्ज करणं हाही एक मार्ग आहे, आणि नकाराचं कारण किरकोळ असेल तर तोच बरा. पूर्वी असा पहिला फेरअर्ज वर्षभरात विनाफी करता येई. ६ डिसेंबर २०२३ पासून ती सवलत बंद झाली.

पुण्यात राहून तुमच्या मनात आणखी एक समज असू शकतो. महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्यात ६० दिवसांत उत्तर आलं नाही, तर नियमांत बसणाऱ्या अर्जाला परवानगी मिळाली असं मानलं जातं. इंग्लंडमध्ये घराच्या अशा अर्जाला तसं नाही. आठ आठवडे उलटूनही निर्णय आला नाही तर अपील करता येतं, पाया खणता येत नाही.

आणि अजून ज्यांनी अर्जच केलेला नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट. तिथे छोट्या वाढीव बांधकामाला मुळात परवानगी लागत नाही. एकमजली, मागच्या बाजूचं, सुट्या घराला ४ मीटरपर्यंत आणि इतर घरांना ३ मीटरपर्यंत असेल, उंची वगैरे बाकीच्या अटी पाळल्या असतील, तर बहुधा चालतं. फ्लॅटला ही मुभा नाही, काही परिसरांत ती काढून घेतलेली असते. आपलं बांधकाम या मर्यादेत बसतं का, एवढंच विचारायचं असेल तर सल्ला मागण्यापेक्षा ‘लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट’ मागावं. त्याची फी नेहमीच्या अर्जाच्या निम्मी असते, आणि त्या नकाशाबरहुकूम बांधलं तर कौन्सिलला पुढे शब्द फिरवता येत नाही.