लेहची धावपट्टी

सिंधू नदीच्या खोऱ्यात, लडाखच्या उघड्याबोडक्या पर्वतरांगांमध्ये लेह हे शहर वसले आहे. लडाखच्या एका अंगास पाकिस्तानच्या ताब्यातील प्रदेश, तर दुसऱ्या अंगास चीनची सरहद्द. येथे पाऊस अत्यंत थोडा. परंतु थंडी मात्र अशी, की हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो. श्रीनगरहून लेहला येणारी वाट झोजी ला या खिंडीतून जाते. पूर्वी ही खिंड बर्फाखाली महिनोन्‌ महिने बंद राहत असे आणि तेवढ्या काळापुरता लडाखचा उरलेल्या देशाशी संबंधच तुटत असे.

अशा या लेहवर १९४८ साली मोठे संकट ओढवले. काश्मीरमध्ये घुसलेला शत्रू लडाखच्या दिशेने चालून येऊ लागला. लेहच्या रक्षणासाठी मूठभर सैनिक होते. मेजर पृथीचंद आपल्या तुकडीसह भर हिवाळ्यात झोजी ला ओलांडून तेथे पोचले होते. पण एवढ्याशा बळाने शहर किती दिवस टिकणार? मदत यावी तर वाटेवर शत्रू. आकाशाचा मार्ग तेवढा मोकळा होता. मात्र विमान उतरण्यास जागा नव्हती.

तेव्हा सोनम नोर्बू या लडाखी अभियंत्याने ती जागा घडविण्याचे काम हाती घेतले. हाताशी यंत्रे नव्हती. गावकरी कुदळी-फावडी घेऊन पुढे आले. त्यांनी धोंडे वेचले, खळगे भरले, वाळू सारखी केली. आणि थोड्याच आठवड्यांत सिंधूकाठी एक कच्ची धावपट्टी तयार झाली.

२४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहरसिंग यांनी श्रीनगरहून डाकोटा विमान उडविले. त्यांच्याबरोबर जनरल थिमय्या होते. त्या मार्गाने पूर्वी कोणी विमान नेले नव्हते. वाट दाखविणारी साधने नव्हती. विमानात प्राणवायूची सोयही नव्हती. उंच हिमशिखरांमधून मार्ग काढीत ते विमान लेहच्या वाळूवर सुखरूप उतरले. मागोमाग इतर विमानांतून सैनिक आले आणि लेह वाचले.

आज तेथे पक्का विमानतळ आहे. लडाखचे थोर पुढारी कुशोक बकुला रिंपोचे यांचे नाव त्यास दिले आहे. जवळच्या टेकडीवर स्पितुकचा प्राचीन बौद्ध मठ उभा आहे. विमानतळाची उंची समुद्रसपाटीपासून ३,२५६ मीटर. एवढ्या उंचीवर हवा विरळ असते. विमानाला पंखांभोवतालच्या हवेचा आधार लागतो. ती विरळ झाली की आधार कमी पडतो आणि इंजिनाची शक्तीही घटते. म्हणून येथे विमानाला अधिक वेगाने व अधिक लांब धावावे लागते. ओझेही बेताचेच घ्यावे लागते. उष्णतेने हवा आणखी विरळ होते. म्हणूनच जुलै २०२४ मध्ये बर्फामुळे नव्हे, तर उन्हाळ्याच्या तापामुळे येथील काही उड्डाणे रद्द करावी लागली!

वाऱ्याचेही येथे मोठे भय. दिवस चढला की डोंगर तापतात आणि दुपारी खोऱ्यातून सोसाट्याचे वारे वाहू लागतात. त्यामुळे प्रवासी विमाने बहुधा सकाळीच ये-जा करतात. धावपट्टीच्या एका टोकापुढे जमीन डोंगराकडे चढत गेलेली आहे. म्हणून विमाने सामान्यतः एकाच बाजूने उतरतात आणि त्याच बाजूकडे परत उड्डाण करतात. खोरे अरुंद असल्याने उतरता उतरता बेत बदलणे सोपे नसते. समोरचे नीट दिसत नसेल, तर वैमानिक वेळीच विमान माघारी वळवितो. ही माघार भित्रेपणाची नव्हे. शेकडो प्रवाशांचे प्राण जपणारी ती सावधगिरी होय.

विमान परतले, की लेहमध्ये मात्र कोणाची तरी निराशा होते. कोणा रुग्णाला दूरच्या इस्पितळात जायचे असते, कोणा विद्यार्थ्याची परीक्षा जवळ आलेली असते, तर कोणी औषधांची वाट पाहत असतो. ढग निवळेपर्यंत त्या सर्वांना धीर धरावा लागतो.

६ ऑगस्ट २०१० रोजी लेहवर ढगफुटी झाली. चिखल-दगडांच्या लोंढ्यांनी घरे, रस्ते व पूल वाहून गेले. शेकडो माणसे दगावली. विमानतळालाही तडाखा बसला. तथापि तो त्वरेने दुरुस्त करण्यात आला आणि दुसऱ्याच दिवशी मदतीची विमाने उतरू लागली. जी वाट गावकऱ्यांनी फावड्यांनी सपाट केली होती, तिनेच संकटकाळी लेहला पुन्हा हात दिला.

बर्फ, वारा आणि विरळ हवा यांवर मनुष्याची सत्ता चालत नाही. परंतु त्यांचे नियम जाणून, वेळ साधून आणि एकमेकांच्या साहाय्याने तो त्यांतूनही वाट काढू शकतो. लेहची धावपट्टी हेच सांगते.