हिमालयातील धम्मसहल : लडाख प्रवासाची आखणी कशी करावी?





आपल्या दुधनी, अक्कलकोट भागातील उपासक-उपासिका आता मोठ्या संख्येने तीर्थस्थळांच्या दर्शनाला जाऊ लागले आहेत. नागपूरची दीक्षाभूमी आणि मुंबईची चैत्यभूमी तर दरवर्षीचीच. बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर ही स्थळे पाहून आलेली मंडळीही गावोगाव भेटतात. त्यामुळे "पुढची सहल हिमालयात काढू या" असा विचार अनेकांच्या मनात येतो. तो स्वागतार्ह आहे. मात्र बुद्धगयेची सहल आणि हिमालयाची सहल यांत मोठा फरक आहे. बुद्धगयेला पैसा आणि वेळ असला की भागते. हिमालयात त्याशिवाय शरीराची तयारी लागते आणि मनाचीही. या दोन्ही तयारींचा विचार या लेखात करावयाचा आहे. उदाहरणासाठी लडाख घेतले आहे, कारण बौद्ध जीवन आजही जसेच्या तसे नांदताना दिसते असा तो आपल्या देशातील महत्त्वाचा प्रदेश आहे.

१. आपण कशासाठी जाणार?

हा प्रश्न प्रथम सोडवला पाहिजे. बर्फ पाहणे, फोटो काढणे यात गैर काही नाही. पण केवळ तेवढ्यासाठी इतका खर्च करणे आपल्यासारख्या कष्टकरी माणसांना परवडणारे नाही.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५६ च्या नोव्हेंबर महिन्यात नेपाळमध्ये काठमांडूला गेले होते. जागतिक बौद्ध परिषदेचे चौथे अधिवेशन तेथे भरले होते आणि बुद्ध व कार्ल मार्क्स या विषयावर बाबासाहेबांनी तेथे विचार मांडले. प्रकृती अत्यंत खालावलेली असतानाही हा प्रवास त्यांनी केला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ६ डिसेंबर १९५६ रोजी, त्यांचे महापरिनिर्वाण झाले. धम्मदीक्षेनंतर अवघ्या महिनाभरात ते जगभरच्या बौद्धांमध्ये जाऊन बसले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आपण एकटे नाही, जगात आपले धम्मबांधव आहेत, हे त्यांनी कृतीने दाखवले. लडाखला जायचे ते याच भावनेने, म्हणजे आपल्या धम्मबांधवांना भेटायला.

२. तयारीची पहिली पायरी घराजवळ

भीमा नदी आपल्या अक्कलकोट तालुक्याच्या सीमेवरून पुढे कर्नाटकात जाते. त्याच नदीच्या काठी कलबुर्गी जिल्ह्यात सन्नती हे गाव आहे. तेथे सम्राट अशोकाचे शिलालेख मिळाले, आणि जवळच्या कनगनहळ्ळी येथे १९९० च्या दशकात उत्खनन होऊन भव्य स्तूपाचे अवशेष उजेडात आले. तेथील एका शिल्पपटावर सम्राट अशोकाची प्रतिमा असून त्याचे नावही ब्राह्मी लिपीत कोरलेले आहे.

लडाखला जाणाऱ्या गटाने आधी सन्नतीची सहल करावी. दोन फायदे होतील. स्तूप म्हणजे काय, त्याचे भाग कोणते, प्रदक्षिणा कशी घालतात, हे समजेल. दुसरे म्हणजे गटातील कोण किती चालू शकतो, कोणाला दम लागतो, हेही ध्यानात येईल. मोठ्या प्रवासाची ही रंगीत तालीमच होय.

३. केव्हा जावे?

लडाख हिमालयाच्या पलीकडे पर्जन्यछायेत आहे. लेहला वर्षभरात सुमारे १०० मिलिमीटर एवढाच पाऊस पडतो. रस्त्याने जाण्याचा हंगाम साधारण जून ते सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये वाटेत दरडी कोसळण्याचा धोका असतो. कोरड्या लेहमध्येही ५ व ६ ऑगस्ट २०१० च्या दरम्यानच्या रात्री ढगफुटी होऊन मोठी प्राणहानी झाली, हे विसरू नये.

आपल्याकडे जूनमध्ये पेरणी, मग कोळपणी-खुरपणी, ऑगस्टअखेर मूग-उडीद. ही कामे उरकली की तूर उभी असते आणि थोडी सवड मिळते. म्हणून सप्टेंबरचा मध्य आपल्या भागाला सोयीचा. तेव्हा वर्षावास चालू असतो. विहारातील 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन बुडू नये म्हणून ग्रंथ बरोबर घ्यावा आणि रोज संध्याकाळी मुक्कामी वाचन करावे.

शाळकरी मुलांना घेऊन एप्रिल-मे महिन्यांतच जाणे शक्य असेल, तर लेहऐवजी हिमाचल प्रदेशातील धर्मशाळा निवडावी. पठाणकोटपर्यंत रेल्वेने जाता येते. दलाई लामा १९६० पासून तेथे राहतात. मॅक्लोडगंजची उंची सुमारे २,००० मीटर असल्याने वृद्धांनाही ती बहुधा मानवते.

४. उंची : सर्वांत महत्त्वाचा भाग

सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५७ मीटर उंच आहे, लेह सुमारे ३,५०० मीटर. एवढ्या उंचीवर हवा विरळ असते आणि प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या मानाने जवळजवळ एक-तृतीयांश कमी होतो. खारदुंगला ही खिंड ५,३०० मीटरांहून उंच आहे. तेथे तो निम्म्यावर येतो.

शरीर या बदलाला सरावते, पण त्याला वेळ लागतो. दिल्लीहून विमानाने थेट लेहला उतरणाऱ्या माणसाला हा वेळ मिळत नाही. डोके दुखणे, मळमळ, झोप न लागणे ही पहिली लक्षणे. अशा वेळी आणखी वर चढू नये, विश्रांती घ्यावी. बसल्या जागी धाप लागणे, सतत खोकला, चालताना तोल जाणे किंवा बोलण्यात गोंधळ होणे ही धोक्याची लक्षणे होत. तेव्हा "सकाळपर्यंत बघू" असे म्हणू नये. ताबडतोब खाली उतरवावे आणि दवाखाना गाठावा.

साधा नियम असा : ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी. पाणी भरपूर प्यावे. मद्य तर पूर्ण वर्ज्य. पाचवे शील तेथे आरोग्याचाही नियम ठरते.

हृदयविकार, दमा, रक्तदाब, मधुमेह असणाऱ्यांनी आणि गरोदर भगिनींनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय जाऊ नये. सिकलसेलबद्दल विशेष सांगावेसे वाटते. विदर्भातील आपल्या समाजात हा आजार बराच आढळतो. ज्यांना तो आहे किंवा जे त्याचे केवळ वाहक आहेत, त्यांनाही उंचीवर त्रास होऊ शकतो. तिकडचे नातेवाईक बरोबर येणार असतील तर आधी तपासणी करून घ्यावी. उंचीच्या त्रासावरील गोळ्याही डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

५. मार्ग आणि दिवस

वरील नियम पाळायचा तर श्रीनगरकडून जाणारा, सुमारे ४२० किलोमीटरचा रस्ता बरा. मनालीकडून जाणाऱ्या रस्त्यावर २०२० मध्ये अटल बोगदा झाल्याने रोहतांग टळतो, परंतु पुढे तंगलंगला ही ५,३०० मीटरहून उंच खिंड ओलांडावीच लागते. वृद्धांना ते कठीण जाते. जाण्यापूर्वी काश्मीरमधील परिस्थितीची व रस्त्याची चौकशी मात्र अवश्य करावी. एक नमुना पुढे दिला आहे.

पहिला ते चौथा दिवस : दुधनीहून सोलापूर, तेथून कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्ली, पुढे रेल्वेने कटरा. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर रेल्वे सुरू झाली आहे. आरक्षण ६० दिवस आधी खुले होते.

पाचवा दिवस : श्रीनगर (१,५८५ मीटर). विश्रांती आणि हारवन येथील प्राचीन बौद्ध अवशेषांचे दर्शन.

सहावा दिवस : झोजीला खिंडीतून द्रास व कारगिल (२,६७६ मीटर). द्रासला १९९९ च्या युद्धातील वीरांचे स्मारक आहे.

सातवा दिवस : मुलबेख येथे खडकात कोरलेली मैत्रेयाची उभी मूर्ती, फोटूला खिंड, लामायुरू गोंपा. मुक्कामाला मात्र खाली आल्चीला (३,१०० मीटर) यावे.

आठवा दिवस : आल्चीतच मुक्काम. येथील भित्तिचित्रे सुमारे आठशे ते नऊशे वर्षांपूर्वीची आहेत. अजिंठा पाहिलेल्याने ती पाहावीतच.

नववा व दहावा दिवस : निम्मू येथे सिंधू-झंस्कार संगम पाहून लेह. दुसरा दिवस विश्रांतीचा. संध्याकाळी शांती स्तूप, तोही पायऱ्यांनी न जाता वाहनाने.

अकरावा दिवस : शे, ठिकसे, हेमिस. वाटेत चोगलमसर येथे १९५९ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय बौद्ध विद्या संस्था आहे.

बारावा दिवस : लेहमध्येच राहून चर्चा व भेटी. नंतर त्याच मार्गाने परत.

एकूण सोळा-सतरा दिवस धरावेत. यात खारदुंगला नाही, पँगाँग सरोवरही नाही. गटातील सर्वांत अशक्त माणसाला जे झेपेल तेच सर्वांचे वेळापत्रक असावे. दोन स्थळे कमी पाहून सर्वजण सुखरूप परतणे हे संघभावनेला धरून आहे.

६. पैशाची व्यवस्था

एका माणसाला ३०,००० रुपये लागतील असे समजू. मजुरी करणाऱ्या घराला ही रक्कम एकदम काढणे अशक्य. पण भिशीप्रमाणे महिन्याला १,२५० रुपये बाजूला टाकले तर दोन वर्षांत ती जमते. त्यावर दहावा हिस्सा राखीव निधी म्हणून वेगळा ठेवावा. कोणी आजारी पडल्यास त्याला तातडीने खाली आणण्यासाठीच तो वापरावा. बारा जणांच्या गाडीत एक जागा सर्वांनी मिळून एखाद्या होतकरू गरीब विद्यार्थिनीला द्यावी. ती परत येऊन विहारात मुलांना सांगेल. याहून चांगले दान कोणते? हिशेब दोघांनी लिहावा आणि परतल्यावर सभेत वाचून दाखवावा.

७. तेथे काय पाहावे, कसे पाहावे?

लडाखी बांधव भेटल्यावर 'जुले' म्हणतात. स्तूपाला ते 'चोर्तेन' म्हणतात, विहाराला 'गोंपा'. स्तूप आपल्या उजव्या हाताला ठेवून पुढे जावे. आत फोटो काढण्यास मनाई असेल तर काढू नये.

गोंपाच्या दारापाशी बहुधा भवचक्राचे मोठे चित्र असते. त्याच्या मध्यभागी कोंबडा, साप आणि डुक्कर दिसतात. लोभ, द्वेष आणि मोह यांची ती चिन्हे होत. बाहेरच्या कडेला बारा चित्रे असतात, ती प्रतीत्यसमुत्पादाची बारा निदाने. आपण विहारात जे ऐकतो तेच येथे भिंतीवर रंगवले आहे. ग्रंथालयात कापडात गुंडाळलेल्या लांबट पोथ्या दिसतील. त्यांत बुद्धवचनांच्या संग्रहाला कंग्युर म्हणतात. भारतात नष्ट झालेले कितीतरी बौद्ध ग्रंथ तिबेटी भाषांतरांतूनच टिकले. राहुल सांकृत्यायन यांनी त्यांच्या शोधात चार वेळा तिबेटचा खडतर प्रवास केला.

काही गोष्टी आपल्याला खटकतीलही. अनेक देवता, तुपाचे दिवे, प्रार्थनाचक्रे पाहून बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला प्रश्न पडतो. तेथे वज्रयान परंपरा आहे, आपली वाट बाबासाहेबांनी दाखवलेली आहे. पाहणे म्हणजे स्वीकारणे नव्हे, आणि न पटणे म्हणजे अनादर करणे नव्हे. नम्रपणे विचारावे, ऐकावे, आपलेही सांगावे.

आणखी एक गोष्ट उघड्या डोळ्यांनी पाहावी. लडाखमध्ये वाजंत्री वाजवणारे मोन व बेडा आणि लोहारकाम करणारे गारा यांना समाजात खालचे मानण्याची रीत चालत आली आहे. १९८९ मध्ये अनुसूचित जमातींच्या यादीत त्यांची नावे आली. बौद्ध देशातही उच्चनीचता शिरू शकते, हे पाहून निराश होऊ नये. केवळ दिवा लावून समता येत नाही, ती रोजच्या वागण्यात आणावी लागते, हा बाबासाहेबांचा धडाच तेथे नव्याने कळतो. जमल्यास वाजंत्र्यांच्या एखाद्या घरीही चहा घ्यावा.

पाण्याबद्दल आपल्याला सांगायला नको. टँकरची वाट पाहणे म्हणजे काय हे आपल्या तालुक्याला ठाऊक आहे. लडाखची शेती बर्फाच्या पाझरावर चालते. तेथे बादलीभर पाण्यात अंघोळ उरकावी आणि प्लास्टिकचा कचरा परत आणावा.

८. शेवटच्या सूचना

ओळखपत्र, लोकरीचे कपडे, उन्हाचा चष्मा, नेहमीची औषधे दुप्पट घ्यावीत. बाहेरच्या राज्यांतील प्रीपेड सिमकार्ड तेथे चालत नाही, म्हणून दोघा-तिघांकडे तरी पोस्टपेड असावे. आपल्या गावातील निवृत्त जवानांपैकी कोणी लेहला राहिले असेल तर त्यांना तयारीच्या सभेला आवर्जून बोलवावे. त्यांच्याइतकी माहिती कोणत्याही सहल कंपनीकडे नसते.

तथागतांनी पंचेचाळीस वर्षे पायी चारिका केली ती लोकांच्या कल्याणासाठी. आपली सहल त्या मानाने लहानच. पण ती विचारपूर्वक आखली, म्हाताऱ्यांना सांभाळून केली आणि परतल्यावर पाहिलेले दहा जणांना सांगितले, तर तीही एक छोटी धम्मचारिकाच ठरेल. येत्या वर्षावासात पहिली सभा घेऊन भिशीला सुरुवात करू या.

नमो बुद्धाय! जयभीम!