धुक्यात विमान उतरते कसे?

(सामान्य विज्ञान : इयत्ता सहावी व सातवी)

भोसरी, दिघी, आळंदी येथील मुलांस लोहगावकडे जाणारी विमाने नित्य दिसतात. चाकण परिसरात विमानतळ होणार, ही चर्चाही खेड तालुक्याने पुष्कळ वर्षे ऐकली. २०१६ साली मात्र पुरंदरची जागा जाहीर झाली. तेव्हा धुक्यात वैमानिकास जमीन कशी दिसते, हा प्रश्न वर्गात निघणारच. ‘विमानाला दिवे असतात’ हे उत्तर पुरेसे नाही. दाट धुक्यात मोटारीचा झोत उलट डोळ्यांवरच परततो, हे पहाटे दूध घेऊन जाणारा कोणीही सांगेल.

वैमानिक प्रथम उपकरणांच्या आधारे खाली येतो. धावपट्टीजवळून निघणाऱ्या रेडिओलहरी त्यास दिशा व उतार दाखवितात. परंतु साध्या प्रतीच्या व्यवस्थेत सुमारे ६० मीटर उंचीवर त्यास निर्णय घ्यावा लागतो : दिवे दिसले तर उतरावे, न दिसल्यास विमान पुन्हा वर न्यावे.

येथे फळ्यावर गणित मांडावे. उतार तीन अंशांचा, म्हणजे सुमारे १९ मीटर पुढे जाता १ मीटर खाली. ६० मीटर उतरण्यास ११४० मीटर लागतील. चाके धावपट्टीच्या आरंभापासून सुमारे ३०० मीटर आत टेकवावयाची असतात. म्हणजे निर्णयाच्या क्षणी धावपट्टी ८४० मीटर दूर आहे. दिव्यांची रांग धावपट्टीच्या अलीकडे ९०० मीटर का पसरलेली असते, हे मुले मग स्वतःच सांगतील. सेकंदास ७० मीटर वेगाने हे अंतर अवघ्या १२ सेकंदांत सरते.

एवढ्या अवधीत वैमानिकास उजेड नव्हे, आकृती हवी असते. इंग्लंडमधील फार्नबरो येथील संशोधक कॅल्व्हर्ट यांनी १९४० नंतरच्या दशकात हे ओळखून मधली रांग व तीवर पाच आडव्या ओळी अशी रचना केली. मधली रांग दिशा दाखविते. आडवी ओळ क्षितिजाचे काम करते. ती तिरपी दिसली की विमान कललेले आहे. रांगेत दूरच्या ३०० मीटरांत तीन-तीन, मधल्यात दोन-दोन व जवळच्यात एकेक दिवा असतो, त्यावरून अंतर कळते. धावपट्टीचा आरंभ हिरव्या दिव्यांनी दाखविलेला असतो.

पटांगणावर ९ मीटर रेघ आखून तीस-तीस सेंटिमीटरांवर याच क्रमाने खडे मांडावेत व दर दीड मीटरवर आडवी ओळ करावी. मुलाने डोळे मिटून रांगेच्या टोकाशी यावे, तीन अंक मोजेपर्यंत पाहावे व पुन्हा मिटावे. आपण कोठे आहोत, हे त्याने खड्यांवरून सांगावे. सूचनांपेक्षा हा खेळच अधिक शिकवितो.

दिव्यांची मर्यादाही सांगावी. ७ जुलै १९६२ रोजी मुंबईस उतरू पाहणारे अलितालियाचे विमान आपल्याच जिल्ह्यात जुन्नरजवळ डोंगरावर आदळले. ९४ जण गेले. स्थानाचा अंदाज चुकल्याने ते फार लवकर खाली आले होते. मुंबईचे दिवे तेथून कोसो दूर होते.

आणखी एक गोष्ट गावाच्या हातची आहे. मिरवणुकीत आकाशाकडे रोखलेला लेसरचा झोत वैमानिकाचे डोळे दिपवितो, आणि ते १२ सेकंद पुन्हा मिळत नाहीत. लोहगावच्या आसपासच्या शाळांनी ही गोष्ट गणेशोत्सवापूर्वी वर्गात काढावी व पालकसभेतही सांगावी.