त्याला घोडा का हवासा वाटतो?

अगं, परवा फोनवर तू एकच वाक्य बोललीस आणि गप्प झालीस. “ताई, आपला धाकटा मुळात असा नाही गं, मग त्याच्या स्टेटसला गावठी कट्टा कशाला?” मागे काकू भांडी लावत होत्या, म्हणून तू पुढं बोलली नाहीस, हे कळलं मला. काकांच्या कानावर घालायचं की नाही ते नंतर ठरवू. आधी आपण दोघी त्या पोराला समजून घेऊ.

बंदुकीची ओढ असणारी सगळी माणसं एका माळेचे मणी नसतात, हे पहिलं ध्यानात घे. आपल्या नगर जिल्ह्याला बंदूक परकी नाहीच. खारे कर्जुन्याच्या के. के. रेंजवर सराव सुरू झाला की आसपासच्या गावांत धडाडधूम ऐकू येते. नगरला आर्मर्ड कोअरचं केंद्र आहे, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं आहे, 1994 पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे. गावोगाव फौजी आहेत. पण सुट्टीवर आलेला फौजी कमरेला काही खोचून पारावर बसलेला पाहिलायस कधी? त्याचं हत्यार तिकडं पलटणीच्या कोतात, म्हणजे शस्त्रागारात, जमा असतं. फायरिंग झाली की रिकाम्या पुंगळ्यासुद्धा मोजून परत द्याव्या लागतात. हत्याराशी ज्याचा रोजचा संबंध, त्याला ते मिरवायची हौस फारशी उरत नाही.

मग मिरवतो कोण? बहुतेक वेळा ज्याला चारचौघांत कुणी मोजत नाही, तो. हा पहिला स्वभाव.

धाकट्याचंच बघ. पोलीस भरतीसाठी वर्षभर पहाटे उठून पळाला. थोडक्यात हुकलं. त्यानंतर घरात काय चाललं होतं आठव. काका जेवताना टोमणा मारायचे, पाहुणे आले की “सध्या काय करतोस?” विचारायचे, आणि तो ताट अर्धवट टाकून उठायचा. अशा वेळी नदीकाठच्या वाळूच्या डंपरवाल्या एखाद्या भाईनं खांद्यावर हात टाकला, “आपला माणूस” म्हटलं, हातात घोडा, म्हणजे तोच कट्टा, देऊन फोटो काढला, तर त्याला काय वाटलं असेल? ज्या गावानं कीव केली, तेच गाव आता दबकून बघतंय, असंच ना?

हे काही माझं एकटीचं डोकं नाही. अमेरिकेत डॅनियल फेस्लर नावाच्या अभ्यासकानं सहकाऱ्यांबरोबर एक प्रयोग केला, 2012 मध्ये तो प्रसिद्ध झाला. लोकांना पुरुषांच्या नुसत्या हातांचे फोटो दाखवले. काहींत हातात कारागिराचं अवजार, काहींत पिस्तूल. चेहरा दिसत नाही, उंची कळत नाही. तरी पिस्तूल धरलेला माणूस लोकांना जास्त उंच आणि धिप्पाड वाटला. म्हणजे हत्यार हातात आलं की बघणाऱ्याच्या नजरेत माणूस आपोआप मोठा होतो. ज्याला स्वतः छोटं झाल्यासारखं वाटतंय, त्याला हा सौदा स्वस्तातच पडला म्हणायचा.

2006 मधला दुसरा प्रयोग तर धारकाच्याच आत डोकावतो. अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या 30 तरुणांपैकी काहींना पंधरा मिनिटं खऱ्यासारखी दिसणारी बंदूक हाताळायला दिली, बाकीच्यांना लहान मुलांचा खेळ. नंतर लाळ तपासली, तर बंदूकवाल्यांचं टेस्टोस्टेरॉन जास्त वाढलेलं. मग त्यांना सांगितलं, पुढच्या माणसाला प्यायच्या पाण्यात तिखट सॉस घाला, किती तो तुम्हीच ठरवा. बंदूक हाताळलेल्यांनी जास्त ओतला. ओळख ना पाळख, भांडण ना तंटा! प्रयोग छोटा आहे, त्यावरून जग जोखू नये. पण “मी नुसता हातात धरतो, वापरणार थोडाच आहे” असं धाकटा म्हणाला, तर हे तिखट पाणी तुला आठवू दे.

दुसरा स्वभाव भ्यालेल्याचा. त्याला हसू नकोस. राहुरी, संगमनेर, अकोल्याच्या वस्त्यांवर रात्री उसाला पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाच्या मनात बिबट्या बसलेला असतो. बांधावरून कोर्टकचेरी चाललेल्याला भावकीची धास्ती असते. असा माणूस परवाना मागतो तेव्हा तो मिजासखोर असतोच असं नाही. पण बिबट्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, जीव वाचवायचा प्रसंग सोडला तर त्याच्यावर गोळी झाडणं हाच गुन्हा. आणि घरात बंदूक आल्यावर भीती जाते, हेही खरं नाही. 1993 मध्ये अमेरिकेतल्या तीन परगण्यांतल्या घरांचा अभ्यास छापून आला. बंदूक असलेल्या घरात कुणाचा खून होण्याचा धोका जवळजवळ तिप्पट दिसला, आणि मारणारा बहुतेक करून घरातला किंवा ओळखीचाच. बाहेरच्यासाठी आणलेलं हत्यार घरातल्यावरच उलटतं.

तिसरा थराराचा भोक्ता. मार्व्हिन झुकरमन या मानसशास्त्रज्ञानं या स्वभावावरच हयात घालवली. अशा माणसाला साधं आयुष्य अळणी लागतं. वेग, उंची, धोका यांत त्याला जीव आल्यासारखा वाटतो. आपल्याकडं तो सायलेन्सर काढून गाडी उडवतो, यात्रेत मौत का कुआँ बघत तासभर उभा राहतो. ही भूक वाईट नाही, तिला योग्य वाट मिळाली की तो उत्तम अग्निशामक होतो किंवा गिर्यारोहक. वाट नाही मिळाली, तर लग्नाच्या वरातीत हवेत बार काढतो.

आणि चौथा, ज्याच्याबद्दल कुणी बोलत नाही, तो कारागिरीचा वेडा. त्याला यंत्र आवडतं, नेम आवडतो, शांतता आवडते. कोल्हापूरच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे बघ. रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून नोकरी करता करता 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलमध्ये कांस्यपदक घेऊन आला. गुडघ्यावर, पालथं आणि उभं, अशा तीन स्थितींत तासन् तास श्वास आवरून नेम धरायचा. त्या खेळात जो चिडला तो हरला. नेमबाज तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांनीही असाच संयम कमावला. बंदूक तीच गं, पण तिनं या माणसांना जास्त शांत केलं.

म्हणून बंदूक आवडते का, हा प्रश्न फारसा कामाचा नाही. कोण बघत असताना आवडते, हे विचार. नेमबाज कागदाच्या गोल चकतीकडं बघतो. धाकटा बघतोय स्टेटस किती जणांनी पाहिलं ते. आणि तुला टोचेल असं बोलते: पाहणाऱ्यांत आपणही आहोत. “अमक्याचा केवढा दरारा आहे” असं आपल्याच घरात कौतुकानं बोललं जातं. दसऱ्याला कुणाच्या ओसरीवर किती हत्यारं पुजली याची चर्चा आपल्याच बायका करतात. पोरं ते ऐकत मोठी होतात.

आता जरा कडू. आपल्याकडं वाळूच्या पैशाबरोबर कट्टा गावात शिरला. मुळा, प्रवरा, गोदावरीच्या पात्रात रात्री डंपर लागायला लागले आणि त्यांच्या राखणीला पोरं लागली. माल बराचसा वरून येतो. चोपडा तालुक्याला लागून मध्य प्रदेशात उमर्टी आहे, तिथल्या घरगुती भट्ट्यांवरचे कट्टे महाराष्ट्रभर पकडले गेलेत. अशा हत्याराची नळी हातात फुटेल की गोळी मागं येईल, याची हमी बनवणाराही देत नाही. एप्रिल 2018 आठव. एकाच महिन्यात केडगावला दोघं आणि जामखेडला दोघं गोळ्या घालून मारले गेले. दोन्हीकडं राजकीय कार्यकर्तेच होते. कुणाचंही राजकारण जिंकलं असेल, त्या चार घरांचं काय झालं ते आपण पाहिलं.

परवाना असला म्हणजे सगळं धुतल्या तांदळासारखं, असंही समजू नकोस. शेजारच्या बीड जिल्ह्यात मस्साजोगच्या सरपंचांचा डिसेंबर 2024 मध्ये खून झाला आणि तिथं शस्त्रपरवान्यांची झाडाझडती सुरू झाली. हवेत गोळीबार करतानाचे व्हिडिओ बाहेर आले, शेकडो परवाने रद्द झाले. आपल्या धाकट्याला तर परवाना मिळूच शकत नाही, 21 वर्षं पूर्ण झालेली नाहीत. म्हणजे त्या फोटोतलं हत्यार खरं असेल तर ते बेकायदाच. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना हत्यार बाळगल्याची शिक्षा किमान दोन वर्षं आहे, पाचपर्यंत जाते. नुसता आनंदानं हवेत बार काढला आणि दुसऱ्याचा जीव धोक्यात आला, तरी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्थानिक गुन्हे शाखेची माणसं असे स्टेटस बघतच असतात. एकदा गुन्हा नोंदवला गेला की भरतीची चारित्र्य पडताळणी आडवी येणार. ज्या वर्दीसाठी तो पहाटे पळाला, ती त्या एका फोटोनं कायमची जाऊ शकते. त्याला कायद्याची भीती घालू नकोस, हे एवढं मात्र सांग. त्याला कळेल.

बोलशील कशी? सगळे झोपल्यावर, दोघंच असताना. पहिलं वाक्य कट्ट्याबद्दल नको. “भरतीचं राहिलं तेव्हा तुला फार लागलं होतं ना?” इथून सुरू कर. तो उडवून लावेल, तू थांब. चेष्टा करू नकोस, “मोठा भाई झालास” असा एक शब्द त्याला परत त्या डंपरवाल्याकडं ढकलेल. मग विचार, कुणी धमकी दिलीय का? पैशात अडकलायस का? घोडा कुणाचा? खेळण्यातला असेल, मित्राचा असेल, तर स्टेटस तिथल्या तिथं उतरवायला लाव.

घरात खरंच हत्यार असेल तर त्याला हात लावू नकोस, विहिरीत टाकू नकोस, माळ्यावर लपवू नकोस. लपवलंस तर चौकशी तुझ्यापर्यंत येईल. आपण ओळखीच्या वकिलाला सोबत घेऊन त्याला पोलीस ठाण्यात नेऊ. ते कठीण आहे, पण नंतर पकडला जाण्यापेक्षा बरं. आणि तो जगण्याचंच नको म्हणत असेल, रात्र रात्र जागत असेल, तर क्षणभरही एकटा सोडू नकोस. हत्यार जवळ असलं की रागाला आणि निराशेला ओसरायला वेळच मिळत नाही. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. जिवाशीच गाठ असेल तर 112.

त्याच्या हातून घोडा सुटला तर त्या हातात दुसरं काहीतरी द्यावं लागेल, नाहीतर तो परत तिकडंच जाईल. त्याचा नेम खरंच चांगला असेल तर रीतसर नेमबाजीचा क्लब शोधू. थराराची भूक असेल तर सह्याद्रीत कळसूबाई आपल्याच अकोले तालुक्यात आहे. आणि पुढची भरती आहेच. काकांशी मी बोलेन. पोराचा पाणउतारा जेवणाच्या ताटावर होता कामा नये, हे त्यांना माझ्याकडून ऐकलेलं चालेल.

मी रविवारी येते. तोवर काकूंना घाबरवू नकोस. पण त्याच्या खोलीत खरंच काही दिसलं तर रविवारची वाट पाहू नकोस, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी मला फोन कर.